मोटारीच्या इंजिनाचे शीतन : पाणीमिश्रित द्रव की निर्जल द्रव?

वैशाखातील दुपारी वडोदरा शहराच्या रावपुरा भागातून मोटार चालविणे ही चालकाइतकीच इंजिनाचीही कसोटी असते. तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांची गर्दी असते आणि १८९६ साली उभारलेल्या चिमणाबाई घड्याळ मनोऱ्यापासून न्यायमंदिरापर्यंतचे थोडके अंतर वाहने पावलापावलाने कापीत असतात. हीच मोटार संध्याकाळी अहमदाबादकडे जाणाऱ्या ९३ किलोमीटर लांबीच्या द्रुतगती मार्गावर आली, म्हणजे तिच्या इंजिनाला दीर्घकाळ मोठी शक्ती पुरवावी लागते. गायकवाडांच्या काळापासून येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत जसजशा अधिक शक्तीच्या, टर्बोचार्जर बसविलेल्या वेगवान मोटारी येऊ लागल्या, तसतसा एक प्रश्न गॅरेजमध्ये वारंवार विचारला जाऊ लागला आहे. रेडिएटरमध्ये नेहमीचे पाणीमिश्रित कूलंट घालावे, की पाण्याचा अंशही नसलेले, त्याहून कित्येक पट महाग असे निर्जल कूलंट घालावे?

निर्जल द्रव १८० अंशांपर्यंत उकळत नाही, असे त्याच्या डब्यावर लिहिलेले असते. ते खरेही आहे. तथापि, न उकळणे आणि इंजिन थंड ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद ध्यानी न घेतल्यास महाग द्रव घालूनही इंजिनाचे हेड वाकण्याची वेळ येऊ शकते. म्हणून या प्रश्नाचा मुळापासून विचार करणे इष्ट ठरेल.

उष्णतेचा हिशेब

इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागाचेच रूपांतर चाके फिरविणाऱ्या शक्तीत होते. साधारण तेवढाच भाग धुरावाटे निघून जातो आणि उरलेल्या उष्णतेपैकी बराच मोठा वाटा शीतनद्रवाला उचलावा लागतो. इंजिनाच्या ओतीव धातूतील पोकळ मार्गांतून, म्हणजेच जॅकेटमधून, हा द्रव पंपाच्या साहाय्याने फिरतो, उष्णता घेतो आणि रेडिएटरमध्ये आणून हवेच्या स्वाधीन करतो. थर्मोस्टॅट नावाची झडप द्रवाचे तापमान ठराविक पातळीच्या खाली जाऊ देत नाही. बहुतेक मोटारींत ही पातळी ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान असते.

रावपुऱ्यातील गर्दीत इंजिन फारशी शक्ती निर्माण करीत नाही. तेथे अडचण असते ती हवेची. गाडी जवळजवळ उभी असल्याने रेडिएटरमधून जाणारा वारा केवळ विजेच्या पंख्यावर अवलंबून असतो. द्रुतगती मार्गावर वारा भरपूर मिळतो, पण उष्णताही अनेक पटींनी वाढते. शीतनव्यवस्थेची खरी परीक्षा या दोन टोकांवर होते आणि कोणताही द्रव निवडताना ही दोन्ही टोके विचारात घ्यावी लागतात.

पाण्याचे गुण व पाण्याचे दोष

उष्णता वाहून नेण्याच्या कामी पाण्याची बरोबरी करणारा सहज उपलब्ध असा दुसरा द्रव नाही. एक किलो पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. याचाच अर्थ असा की, पाणी स्वतः फारसे न तापता पुष्कळ उष्णता उचलते. पाणी पातळ असल्याने पंपावर भार पडत नाही आणि धातूच्या अरुंद मार्गांतून ते वेगाने वाहते. याशिवाय ते जळत नाही व जवळजवळ फुकट मिळते.

परंतु पाण्याचे दोषही ठळक आहेत. ते १०० अंशांना उकळते, लोखंडास गंज आणते आणि ॲल्युमिनियमचीही झीज करते. विहिरीचे व बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जॅकेटच्या भिंतींवर थर धरतात. आंघोळीच्या बंबात जसा पांढरा थर साचतो, तसाच हा थर. तो उष्णतेचा वाईट वाहक असल्याने धातू आणि पाणी यांच्यामध्ये जणू पडदा उभा राहतो. म्हणून रेडिएटरमध्ये नळाचे वा बोअरचे पाणी नित्य घालीत राहणे ही काटकसर नसून इंजिनाचे आयुष्य कमी करणारी सवय आहे.

उत्कलनबिंदूच्या दोषावर जुना व साधा उपाय म्हणजे दाब. रेडिएटरच्या झाकणात एक स्प्रिंग असते. ती व्यवस्थेतील दाब बाहेरील हवेपेक्षा सुमारे ०.९ ते १.१ बार इतका अधिक राखते. ०.९ बारच्या झाकणाखाली शुद्ध पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाची ही कामगिरी पुष्कळ वाहनधारकांना ठाऊक नसते व म्हणूनच थकलेले झाकण वर्षानुवर्षे बदलले जात नाही.

ग्लायकॉलची जोड

पाण्याच्या उर्वरित दोषांवर उपाय म्हणून त्यात एथिलीन ग्लायकॉल मिसळले जाते. हा किंचित दाट, गोडसर चवीचा व विषारी द्रव पेट्रोरसायन उद्योगात तयार होतो. वडोदऱ्याला तो परका नाही. १९६९ साली स्थापन झालेल्या व २००७ साली रिलायन्समध्ये विलीन झालेल्या इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनच्या येथील संकुलात ग्लायकॉलचे उत्पादन होत आले आहे. त्याचा फार मोठा भाग पॉलिएस्टर धाग्यासाठी वापरला जातो, तर काही भाग रेडिएटरच्या द्रवात जातो.

ग्लायकॉल व पाणी निम्मे निम्मे घेतले असता मिश्रण साध्या दाबाखाली सुमारे १०७ अंशांना व झाकणाच्या दाबाखाली सुमारे १२५ अंशांना उकळते. तेच मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. गंमत अशी की, शुद्ध एथिलीन ग्लायकॉल मात्र उणे १३ अंशांनाच गोठते. पाणी व ग्लायकॉल परस्परांना गोठण्यापासून रोखतात, एकट्याने दोघेही तितके समर्थ नसतात. वडोदऱ्यात पाणी गोठण्याचा प्रश्न उद्भवत नाही, पण हिवाळ्यात लडाख वा हिमाचलाच्या प्रवासास निघणाऱ्यांना हा गुण उपयोगी पडतो.

उष्ण प्रदेशात कूलंटचे महत्त्व मुख्यतः त्यातील गंजरोधक द्रव्यांमुळे आहे. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेटसारखी अकार्बनी द्रव्ये असतात व ती साधारण दोन वर्षांत क्षीण होतात. नव्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात व ती पाच वर्षांच्या आसपास टिकतात. काहींत दोहोंचा मेळ असतो. हिरवा, लाल, गुलाबी, निळा हे रंग उत्पादकाने आपल्या सोयीने दिलेले असतात. रंग सारखा म्हणून द्रव सारखा, असे मानणे चुकीचे आहे. भारतीय मानक संस्थेने इंजिन कूलंटसाठी आय. एस. ५७५९ हे मानक ठरविले आहे. डब्यावर हा क्रमांक आहे की नाही आणि गाडीच्या पुस्तिकेत कोणता प्रकार सांगितला आहे, या दोन गोष्टी पाहूनच खरेदी करावी.

निर्जल शीतनद्रव म्हणजे काय?

निर्जल शीतनद्रवात पाणी मुळीच नसते. एथिलीन ग्लायकॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा त्यांचे मिश्रण आणि गंजरोधक द्रव्ये एवढाच त्याचा घटकसमूह असतो. या प्रकारात अमेरिकेतील इव्हान्स कंपनीचे नाव जगभर परिचित आहे. साध्या दाबाखाली एथिलीन ग्लायकॉल १९७ अंशांना व प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळते. साहजिकच निर्जल द्रव इंजिनाच्या नित्य तापमानात उकळण्याचा संभव फार थोडा असतो.

या द्रवाचे काही लाभ निर्विवाद आहेत. वाफ होत नसल्याने व्यवस्थेत मोठा दाब निर्माण होत नाही व रबरी नळ्यांवर ताण येत नाही. पाणीच नसल्याने गंज व क्षारांचा थर यांचा प्रश्न बहुतांशी मिटतो. इंजिन जोरात चालवून एकदम बंद केल्यावर फिरणे थांबलेला द्रव गरम धातूच्या सान्निध्यात उकळतो. टर्बोचार्जरच्या बेअरिंगभोवती हा प्रकार विशेष जाणवतो. निर्जल द्रवात तो टळतो. शिवाय हा द्रव पुष्कळ वर्षे बदलावा लागत नाही, असे उत्पादक सांगतात.

एवढे गुण असताना मोटार कारखाने आपल्या नव्या गाड्यांत हाच द्रव का भरीत नाहीत, अशी शंका कोणासही येईल. या शंकेचे उत्तर विमानविद्येच्या इतिहासात सापडते आणि त्या इतिहासाशी बडोद्याचे नाव जोडलेले आहे.

'बडोदा' तुकडीच्या विमानांचा दाखला

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या मे महिन्यात, ब्रिटनच्या शाही विमानदलात १२४ क्रमांकाची तुकडी पुन्हा उभारण्यात आली. गायकवाड महाराजांनी दिलेल्या देणगीवरून तिला 'बडोदा' हे नाव मिळाले. या तुकडीकडे स्पिटफायर जातीची लढाऊ विमाने होती. आरंभी पहिल्या मालिकेतील आणि पुढे नंतरच्या मालिकांतील विमाने तिने वापरली. या विमानांत रोल्स रॉईस कारखान्याचे मर्लिन इंजिन असे.

मर्लिन इंजिनाच्या आरंभीच्या प्रकारांत शीतनासाठी शुद्ध एथिलीन ग्लायकॉल, म्हणजे आजच्या परिभाषेत निर्जल द्रवच, वापरला जात असे. त्यामागे सबळ कारण होते. विमान उंच जाते तसा हवेचा दाब घटतो व पाणी कमी तापमानाला उकळू लागते. सहा हजार मीटर उंचीवर ते सुमारे ८० अंशांनाच उकळते. ग्लायकॉल मात्र तेथेही उकळत नाही. शिवाय द्रव जितका गरम, तितका त्याच्या व बाहेरील हवेच्या तापमानातील फरक मोठा, आणि फरक जितका मोठा तितका रेडिएटर लहान करता येतो. विमानात लहान रेडिएटर म्हणजे अधिक वेग.

तथापि, अनुभवाअंती अभियंत्यांनी हा मार्ग सोडला. दुसऱ्या मालिकेतील स्पिटफायरसाठी तयार झालेल्या मर्लिन १२ या इंजिनापासून ७० भाग पाणी व ३० भाग ग्लायकॉल असे मिश्रण दाबाखाली वापरण्यात येऊ लागले. त्यामुळे इंजिनाचे आयुष्य व विश्वसनीयता वाढली, गळती कमी झाली आणि पेट घेणाऱ्या ग्लायकॉलमुळे संभवणारा आगीचा धोकाही टळला. उकळण्याचा प्रश्न दाबाने सोडविता येतो आणि उष्णता वाहण्याचे काम पाण्याकडेच राहू द्यावे, हा धडा त्या काळी युद्धाच्या निकडीत शिकला गेला. आजच्या मोटारीतील झाकणाखालचे पाणीमिश्रित कूलंट याच तत्त्वावर काम करते.

उत्कलनबिंदू आणि उष्णता वाहण्याची क्षमता

हा धडा आकड्यांत मांडला असता अधिक स्पष्ट होईल. समजा, एखादी शक्तिमान मोटार द्रुतगती मार्गावर चालली आहे आणि तिच्या इंजिनातून दर सेकंदाला ४० किलोज्यूल उष्णता शीतनद्रवात उतरते आहे. इंजिनात शिरताना आणि बाहेर पडताना द्रवाच्या तापमानात केवळ १० अंशांची वाढ व्हावी, अशी अपेक्षा आहे. यासाठी दर सेकंदाला पाणी सुमारे १ लिटर, निम्मे निम्मे मिश्रण सुमारे १.१ लिटर, तर शुद्ध ग्लायकॉल सुमारे १.४ लिटर फिरवावे लागेल. म्हणजे पाणीमिश्रित द्रवाच्या तुलनेत निर्जल द्रवाचा प्रवाह चतुर्थांशाहून अधिक वाढवावा लागेल.

प्रत्यक्षात पंप तोच राहतो, उलट द्रव अधिक दाट असतो. सकाळी इंजिन थंड असताना ग्लायकॉलचा दाटपणा पाण्याच्या सुमारे वीस पट असतो. तापल्यावर तो पुष्कळ उतरतो, तरीही पाण्याच्या कितीतरी पट राहतो. उष्णता धातूकडून स्वतःकडे ओढून घेण्याच्या गुणातही ग्लायकॉल मागे पडते. त्याची उष्णतावाहकता पाण्याच्या दोन पंचमांशाएवढीच आहे. या तिन्ही गोष्टींचा एकत्रित परिणाम असा होतो की, द्रव उकळत नाही, परंतु सिलिंडरचे हेड, विशेषतः स्पार्क प्लग व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेभोवतीचा भाग, पूर्वीपेक्षा अधिक गरम राहतो.

येथे निर्जल द्रवाचे समर्थक एक मुद्दा मांडतात व तो न्याय्य आहे. पाणीमिश्रित द्रव या अतिउष्ण जागी उकळून वाफेचे पटल तयार करू शकतो आणि वाफेच्या पटलातून उष्णता नीट वाहत नाही. मात्र, यात दोन पायऱ्या आहेत. दाब योग्य असताना धातूवर वाफेचे सूक्ष्म बुडबुडे उठतात व लगेच सभोवतालच्या द्रवात विरून जातात. हे बुडबुडे जाताना पुष्कळ उष्णता घेऊन जातात. म्हणजे अशा मर्यादित उकळण्याने शीतनास मदतच होते. दाब गेला, द्रव कमी झाला किंवा पंप थकला, तरच बुडबुड्यांचे पटल होते. म्हणजे हा दोष बहुधा व्यवस्थेच्या निगेतील असतो.

वेगवान मोटारीसाठी निवड

अधिक शक्तीच्या मोटारीत धातूचे तापमान वाढणे ही क्षुल्लक बाब नव्हे. ज्वलनकक्ष अधिक गरम झाला की पेट्रोल व हवेचे मिश्रण वेळेआधी पेट घेऊ पाहते व इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागतात. आधुनिक इंजिनातील संगणक हे ठोके ओळखून ठिणगीची वेळ मागे घेतो. त्यामुळे इंजिन वाचते, पण शक्ती घटते. ज्या शक्तीसाठी वाहनधारकाने अधिक पैसे मोजले, तीच शक्ती महाग द्रव घातल्यामुळे उन्हाळ्यात काही अंशी गमवावी लागण्याचा संभव असतो.

दुसरी बाब धोक्याच्या सूचनेची. पाणीमिश्रित द्रव अतिरिक्त तापला की वाफ बाहेर पडते, चालकाच्या लक्षात येते व तो गाडी थांबवितो. निर्जल द्रवात वाफेची ही सूचना मिळत नाही. तापमानाचा काटा चढत जातो, चालकाचे लक्ष रस्त्यावर असते, आणि वंगणतेल पातळ होऊन व ॲल्युमिनियमचे हेड वाकून नुकसान झाल्यावरच दोष उघड होतो. हेड गॅस्केट व हेडच्या दुरुस्तीचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाचे कित्येक महिन्यांचे अंदाजपत्रक कोलमडून टाकणारा असतो.

तिसरी बाब व्यवहाराची. निर्जल द्रव भरण्यापूर्वी इंजिन, रेडिएटर आणि हीटर यांतील पाणी पूर्णपणे काढावे लागते, मार्ग हवेने फुंकून घ्यावे लागतात व विशिष्ट द्रवाने धुवावे लागतात. शेवटी राहिलेल्या पाण्याचे प्रमाण सुमारे तीन टक्क्यांहून कमी आहे, याची उपकरणाने खात्री करावी लागते. पुढे प्रवासात नळी फुटली, तर रस्त्याकडेच्या ढाब्यावरून पाणी घेऊन रेडिएटर भरण्याची सोय राहत नाही. नाइलाजाने पाणी घातलेच, तर केलेला सर्व खर्च वाया जातो. कारखान्याने न सांगितलेला द्रव भरल्यास हमीच्या अटींचाही प्रश्न उपस्थित होतो.

शर्यतीच्या मार्गावर गाडी नेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सांडलेले ग्लायकॉल रस्ता निसरडा करते व ते पाण्याप्रमाणे लवकर वाळत नाही. या कारणाने अनेक ठिकाणी शर्यतीचे आयोजक ग्लायकॉलयुक्त द्रवास मनाई करतात व गंजरोधक मिसळलेले साधे पाणीच चालवितात. निर्जल द्रव ग्लायकॉलचाच असल्याने तोही या मनाईत येतो.

या सर्व बाबींचा विचार करता रावपुऱ्यातून कामास जाणाऱ्या व सुटीच्या दिवशी द्रुतगती मार्गावर धावणाऱ्या वेगवान मोटारीसाठी, कारखान्याने सांगितलेल्या प्रकारचे व प्रमाणाचे पाणीमिश्रित कूलंटच योग्य ठरते. कूलंट अधिक घट्ट म्हणजे अधिक थंड, हा समजही सोडून द्यावा. प्रमाण निम्म्याहून वर नेल्यास उष्णता वाहण्याची क्षमता उलट घटते. तीव्र रूपातील कूलंट आणले असल्यास त्यात बॅटरीसाठी मिळते तसे शुद्ध केलेले पाणीच मिसळावे. हे मिश्रण घरी करणे गैरसोयीचे वाटत असेल, तर तयार मिश्रण विकत घेणे उत्तम.

निर्जल द्रव कोठे उपयुक्त?

निर्जल द्रव निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये वडोदऱ्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. अशा प्रदर्शनांत मांडल्या जाणाऱ्या गाड्यांची स्थिती नव्या मोटारींहून सर्वस्वी भिन्न असते. त्यांपैकी अनेकींच्या रेडिएटरला दाब धरणारे झाकणच नसते, त्यामुळे त्यांत पाणी १०० अंशांनाच उकळते. जुने डाखलेले सांधे दाब सहन करू शकत नाहीत. गाडी वर्षातून काही दिवसच बाहेर निघते व उरलेले महिने उभी असते. या काळात पाण्यामुळे आतून गंज चढतो आणि तिचे सुटे भाग तर पैसे देऊनही मिळत नाहीत.

अशा गाडीकडून मोठ्या शक्तीची अपेक्षा नसते, तिचे जतन हेच उद्दिष्ट असते. तेथे उष्णता वाहण्याच्या क्षमतेत पडणारी तूट सोसण्याजोगी असते आणि गंजापासून मिळणारे संरक्षण मोलाचे ठरते. मात्र, काही फार जुन्या गाड्यांत पंपच नसतो. गरम पाणी वर चढते व थंड पाणी खाली उतरते, एवढ्यावरच तेथील अभिसरण चालते. अशा गाडीत दाट द्रव घालण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला अवश्य घ्यावा.

खर्च करण्यापूर्वी तपासणी

इंजिन वारंवार तापते म्हणून निर्जल द्रवाकडे वळणाऱ्या वाहनधारकाने प्रथम तापण्याचे मूळ कारण शोधावे. ते बहुधा द्रवात नसते. पुढील तपासणीस खर्च अल्प येतो व तिने बऱ्याचदा दोष सापडतो.

रेडिएटरच्या झाकणाची रबरी कडा व स्प्रिंग तपासून शंका असल्यास ते त्याच दाबाचे नवे घ्यावे. रेडिएटरच्या पात्यांत अडकलेली धूळ, कीटक व कागदाचे कपटे आतील बाजूने हलक्या पाण्याच्या धारेने काढावेत. वातानुकूलन यंत्राचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, त्याच्या फटीतही कचरा साचतो. पंखा ठराविक तापमानाला सुरू होतो की नाही, हे गाडी उभी ठेवून पाहावे, कारण गर्दीत सर्व भिस्त त्याच्यावर असते. थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असल्यास बदलावा. उन्हाळ्यात तो काढून टाकण्याची प्रथा काही ठिकाणी आहे, ती चुकीची आहे. त्यामुळे द्रवाचे अभिसरण बिघडते व गाडीच्या संगणकास चुकीची माहिती मिळते. रबरी नळ्या दाबून पाहाव्यात. त्या मऊ पडल्या असतील किंवा त्यांना भेगा गेल्या असतील, तर उन्हाळ्यापूर्वीच बदलाव्यात. द्रवाची पातळी वारंवार घटत असेल आणि बाहेर कोठेही गळती दिसत नसेल, तर हेड गॅस्केटची तपासणी विनाविलंब करून घ्यावी.

टर्बोचार्जर असलेली गाडी वेगाने चालवून आल्यावर ती लगेच बंद न करता एखादा मिनिट संथ गतीने चालू ठेवावी. निर्जल द्रवाचा जो एक मोठा लाभ सांगितला जातो, तो या बिनखर्ची सवयीने बराचसा साधतो.

आवश्यक दक्षता

गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब जाताच आतील द्रव क्षणार्धात उकळून तोंडावर व हातावर उडतो आणि गंभीर भाजते. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत वाट पाहावी व नंतरही झाकणावर जाड फडके ठेवून ते सावकाश फिरवावे.

एथिलीन ग्लायकॉल गोडसर असल्याने लहान मुले व कुत्री ते चाटण्याचा धोका असतो. अल्प प्रमाणातही ते मूत्रपिंडांस घातक ठरते. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कूलंट भरून ठेवण्याची सवय म्हणूनच अत्यंत धोकादायक आहे. डबा मूळ स्वरूपात, झाकण घट्ट लावून व मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. पोटात गेल्याचा संशय आल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे व डबाही सोबत न्यावा.

काढलेला जुना द्रव गटारात ओतू नये. इंजिनातून आलेल्या धातूंचे अंश त्यात असतात. गटारात ओतलेला द्रव नदीनाल्यात पोहोचण्याचा धोका असतो. वडोदऱ्याच्या मध्यातून वाहणारी विश्वामित्री मगरींचे वसतिस्थान म्हणून ओळखली जाते. तिच्या पाण्यात असा द्रव मिसळणे नागरिक व जलचर या दोघांच्याही हिताचे नाही. जुना द्रव बंद डब्यात साठवून तो स्वीकारणाऱ्या कार्यशाळेकडे द्यावा.

शीतनद्रवाची निवड करताना 'किती अंशांना उकळतो' या एका आकड्यावर न भुलता 'किती उष्णता वाहून नेतो' हे विचारले पाहिजे. जुन्या व क्वचित बाहेर निघणाऱ्या गाडीच्या जतनासाठी निर्जल द्रव उपयोगी आहे. उन्हात, गर्दीत आणि वेगात चालणाऱ्या मोटारीसाठी मात्र योग्य प्रमाणातील पाणीमिश्रित कूलंट, दाब धरणारे चांगले झाकण, चालू पंखा व स्वच्छ रेडिएटर यांचे संरक्षण अधिक भरवशाचे आहे. चैत्र लागण्यापूर्वी या चार गोष्टी वाहनधारकांनी एकदा तपासून घेतल्यास भर उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभे राहण्याचा प्रसंग बहुतांशी टळेल.